बारावीला कमी टक्के, सीईटीला कमी पर्सेंटाइल: प्रवेशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीला पंचेचाळीस-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास अडकलेल्या किंवा सीईटीत पन्नासच्या खाली पर्सेंटाइल आलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे पान आहे. बारावी सायन्सला शिकवताना आणि प्रवेशाच्या दिवसांत मुलांसोबत फॉर्म भरायला बसताना जे प्रश्न दरवर्षी येतात, तेच इथे घेतले आहेत. सगळा भर महाराष्ट्र राज्य मंडळ आणि राज्य सीईटी कक्षाच्या प्रवेशांवर आहे. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः उघडून वाचा.

बारावीला ५० टक्के आणि सीईटीला ३० पर्सेंटाइल आहे. इंजिनीअरिंगला नंबर लागेल का?

लागेल. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगच्या हजारो जागा दरवर्षी शेवटच्या फेरीनंतरही रिकाम्या राहतात. पात्रतेची अट दोनच गोष्टींची आहे: बारावीला ठरावीक विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के (राज्यातल्या राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ४० टक्के), आणि सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण. पर्सेंटाइल ३० असो की १२, कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) गुणवत्ता यादीत नाव येतं.

पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद ही कॉलेजं यात बसणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी मनाशी मान्य केलेलं बरं. पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांतली कॉम्प्युटर शाखाही नाही. पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलच्या जागा मिळतात. त्यामुळे कमी मार्कांच्या मुलाने ‘मिळेल का?’ यापेक्षा ‘मिळतंय त्यातलं कुठलं घेऊ?’ या प्रश्नावर जास्त वेळ द्यावा. निकालानंतरच्या घाबरगुंडीत हातात आली ती जागा धरली आणि पुढची चार वर्षं त्याचा त्रास काढला, अशी मुलं मी फार बघितली आहेत.

४५ टक्के नेमके कशाचे?

इथे खूप जण फसतात. हे ४५ टक्के बारावीच्या एकूण टक्केवारीचे नाहीत. भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय सक्तीचे, तिसरा रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा माहितीपुस्तिकेत दिलेल्या इतर विषयांपैकी एक. या तिन्हींची बेरीज ३०० पैकी करायची. खुल्या प्रवर्गाला १३५ हवेत, राखीव प्रवर्गाला १२०.

गुणपत्रिका समोर घ्या. समजा इंग्रजी ६८, मराठी ७४, भौतिक ४४, रसायन ४३, गणित ४१, जीवशास्त्र ५८. एकूण टक्केवारी ५४ च्या पुढे जाते, घरात सगळे म्हणतात ‘बरे आहेत की मार्क’. पण भौतिक, रसायन आणि गणित मिळून १२८ होतात, म्हणजे खुल्या प्रवर्गातून पात्रता गेली. आता रसायनाच्या जागी जीवशास्त्र धरा: ४४, ४१ आणि ५८ मिळून १४३. पात्रता आली. गुणपत्रिका तीच, मूलही तेच. म्हणून फॉर्म भरताना तिसरा विषय कोणता निवडता येतो हे आधी बघा. सायबर कॅफेवाला सवयीने रसायन टाकून मोकळा होतो.

माझे १३३ होतात. दोन गुणांसाठी वर्ष जाईल का?

आधी पेपर बघा. राज्य मंडळाकडे गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि छायाप्रत मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. छायाप्रतीशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही, आणि या सगळ्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. छायाप्रत आली की विषयाच्या शिक्षकांना दाखवा, एकटे निर्णय घेऊ नका. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय, बेरीज चुकलीय, असं निघू शकतं. पण सगळं नीट तपासलेलं असेल तर पुनर्मूल्यांकनाची फी वाया जाते.

दुसरा मार्ग श्रेणीसुधार योजनेचा. पास झालेला विद्यार्थी जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला किंवा पुढच्या मुख्य परीक्षेला पुन्हा बसू शकतो, मात्र सगळे विषय घेऊन. मार्क वाढले नाहीत तरी जुनी गुणपत्रिका शाबूत राहते. ज्यांना खरोखर दोन-चार गुणांनीच अडलंय त्यांनी हा रस्ता धरावा. तिसरा मार्ग डिप्लोमाचा, त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

बारावीचे टक्के कमी असले तर मेरिट खाली येतं का?

इंजिनीअरिंगला नाही. तिथे गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे मार्क पात्रतेसाठी, आणि दोघांचे पर्सेंटाइल तंतोतंत सारखे आले तर क्रम ठरवताना. बारावीला ४८ टक्के आणि सीईटीला ८५ पर्सेंटाइल असलेला मुलगा ८० टक्के आणि ६० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे असतो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांना मात्र बहुतेक कॉलेजांत बारावीचेच टक्के चालतात.

पर्सेंटाइल ४० म्हणजे २०० पैकी ८० गुण का?

नाही. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाची सीईटी २०० गुणांची असते: गणित १०० आणि भौतिक-रसायन मिळून १००. ती अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. पर्सेंटाइल ४० म्हणजे तुमच्या सत्रातली ४० टक्के मुलं तुमच्याइतक्या किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. पुन्हा सीईटी देणाऱ्यांनी हे आत्ताच लक्षात ठेवा.

मागच्या वर्षीच्या कट-ऑफची यादी उघडली, पण काहीच कळत नाही. ती कशी वाचायची?

कमी पर्सेंटाइलच्या मुलाला ही यादी वाचता आली तर निम्मं काम झालं, म्हणून जरा सावकाश बघू.

कॉलेजच्या नावाखाली शाखा, आणि शाखेखाली एक तक्ता असतो. तक्त्याच्या वरच्या ओळीत ‘जीओपनएच’, ‘एलओपनएच’, ‘जीओबीसीओ’, ‘जीएससीएस’ अशी इंग्रजी अक्षरं जोडून लिहिलेली असतात. पहिलं अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींसाठीची. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर ‘एच’ असेल तर गृह विद्यापीठाची जागा, ‘ओ’ असेल तर गृह विद्यापीठाबाहेरच्यांची, ‘एस’ असेल तर राज्यस्तरावरची. गृह विद्यापीठ ठरतं ते बारावी जिथून केली त्या कॉलेजच्या ठिकाणावरून. नांदेडला बारावी केलेल्या मुलाने पुण्याच्या कॉलेजचा ‘एच’चा आकडा बघून खूश किंवा निराश होण्यात अर्थ नाही, त्याने ‘ओ’चा रकाना बघायचा.

प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वरचा गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल. दोन्ही त्या फेरीत त्या जागेवर घेतलेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे असतात. पहिल्या फेरीची यादी बघून थांबू नका; शेवटच्या फेरीची उघडा, कारण कमी पर्सेंटाइलच्या मुलांचं खरं चित्र तिथे दिसतं. एखाद्या शाखेसमोर शेवटच्या फेरीतही मोजक्याच चौकटी भरलेल्या असतील तर तिथे जागा उरतात असं समजा. पण त्या कशामुळे उरतात, हेही विचारायला हवं. कधी गाव आडबाजूला असतं म्हणून, कधी शाखेला मागणी नसते म्हणून, आणि कधी कॉलेजात शिकवायला पुरेशी माणसंच नसतात म्हणून. पहिली दोन कारणं चालतील, तिसरं चालणार नाही.

आणखी एक, ‘टीएफडब्ल्यूएस’ लिहिलेला रकाना शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांसाठी मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात. त्यांचा कट-ऑफ साधारणपणे त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षा वर जातो. तरीही पर्याय भरून ठेवा, त्याने काही बिघडत नाही.

ऑप्शन फॉर्ममध्ये किती कॉलेजं टाकू?

३०० पर्यंत टाकता येतात. कमी पर्सेंटाइलच्या मुलांनी दहा-पंधरा टाकून थांबणं फार महागात पडतं. पण ३०० ची मर्यादा आहे म्हणून नकाशावर बोट ठेवून काहीही भरायचं असंही नाही. मिळालं तर खरंच जाईन, अशीच कॉलेजं टाका. घरापासून २०० किलोमीटरवरचं, वसतिगृह नसलेलं, ज्याचं नाव आज पहिल्यांदा वाचलं ते कॉलेज यादीत असेल आणि तेच लागलं, तर मग काय करणार?

क्रम लावताना आपल्याला हवं ते वर, मिळण्यासारखं खाली. ‘हे आपल्याला मिळणार नाही’ म्हणून आवडीचं कॉलेज खाली ढकलण्याची गरज नाही; वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. मात्र पहिले काही पर्याय फार विचारपूर्वक भरा. २०२५-२६ च्या प्रवेशापासून चार फेऱ्या ठेवल्या गेल्या आणि नियम असा झाला की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळाली किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाली, तर ती घ्यावीच लागते. पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. ‘सध्या हे टाकून ठेवू, पुढे बघू’ असं म्हणून पहिल्या नंबरावर काहीही लिहिणाऱ्यांना याचा फटका बसतो.

फॉर्म भरताना लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल तुमच्याकडेच ठेवा. दुसऱ्याच्या हातात दिलेला पासवर्ड म्हणजे दुसऱ्याने ठरवलेलं कॉलेज.

कागदपत्रांमुळे नंबर जाऊ शकतो का?

हो, आणि कमी मार्कांच्या मुलांचा सगळ्यात आधी जातो. राखीव प्रवर्गातून अर्ज केला आणि जात वैधता प्रमाणपत्र किंवा नॉन-क्रिमीलेयर वेळेत दिलं नाही, तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. मग पात्रतेसाठी १२० ऐवजी १३५ लागतात आणि शिष्यवृत्तीही जाते.

नॉन-क्रिमीलेयर चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. अकरावीला काढलेलं बरेचदा संपलेलं असतं. वैधता प्रमाणपत्रासाठी जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. निकालानंतर तहसीलच्या सेतू केंद्रासमोर रांगा लागतात, सर्व्हर बसतो आणि मुदती मात्र थांबत नाहीत. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला हे सगळं स्कॅन करून एका ठिकाणी ठेवा. वर्ष मध्ये गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

नावातला फरकसुद्धा बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘ज्ञानेश्वर’ आणि जातीच्या दाखल्यावर ‘ज्ञानोबा’ असेल, तर पडताळणीत अर्ज परत येतो.

एक ओळखीचे काका म्हणतात, ‘एवढ्या मार्कांत कॅपमधून काही मिळणार नाही, मॅनेजमेंटमधून करून देतो.’ काय करू?

त्यांना नम्रपणे नाही म्हणा. कमी मार्कांची मुलं हीच या लोकांची गिऱ्हाइकं असतात, आणि ती सापडतात निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा घरात सगळे खचलेले असतात. ज्या जागा कॅपमधून सरळ मिळाल्या असत्या, त्याच जागांसाठी लोक जमिनीचा तुकडा विकून पैसे देतात. हे बघताना फार वाईट वाटतं, कारण यातल्या कितीतरी घरांना एक रुपयाही जास्त द्यायची गरज नसते.

खासगी विनाअनुदानित कॉलेजांत संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या (मॅनेजमेंट कोट्याच्या) जागा असतात, त्या कायदेशीर आहेत. पण त्यांनाही नियम आहेत: जाहिरात द्यावी लागते, अर्ज मागवावे लागतात, गुणवत्तेनेच भराव्या लागतात आणि प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. प्रत्येक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. त्याशिवाय ‘डोनेशन’, ‘डेव्हलपमेंट’, ‘बिल्डिंग फंड’ अशा नावाने पावतीविना पैसे मागितले, तर ती कॅपिटेशन फी. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने तिला बंदी आहे. पावती मागा. पावती देत नाहीत तिथून उठून या.

‘आज पाच हजार भरून सीट बुक करा, उद्या राहणार नाही’ हे वाक्य ऐकू आलं की समजा, ती सीट उद्याही असणार आहे.

संस्थास्तरावर प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळते का?

हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचा असतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांची निम्मी शिक्षण फी शासन देतं. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा, संस्थास्तर, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांना ही माफी लागू नाही.

म्हणजे एखाद्या मुलीने घाईने मॅनेजमेंटची जागा घेतली, तर कॅपमधून जी फी माफ झाली असती ती चार वर्षं स्वतः भरायची. बाप शेतमजूर आणि मुलगी मॅनेजमेंट कोट्यात, अशी उदाहरणं असतात. कोणी वेळेवर सांगितलं नाही एवढंच त्याचं कारण. अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी नव्याने करायचा असतो.

खासगी विद्यापीठांतून रोज फोन येतात. प्रवेश घ्यावा का?

त्यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा असतात आणि कमी मार्कांना दार सहसा उघडं असतं. सगळीच वाईट आहेत असं नाही. पण पूर्ण चार वर्षांची फी, वसतिगृह आणि परीक्षा शुल्कासह कागदावर मागा, आणि शासनाच्या माफीचा वरचा मुद्दा ध्यानात ठेवा. पहिल्या वर्षाची ‘स्कॉलरशिप’ दुसऱ्या वर्षी टिकते का, हेही लेखी घ्या.

गणित कच्चं आहे, तरी घरचे इंजिनीअरिंगच म्हणतात. झेपेल का?

गणितात ३८ पडले ते नेमकं कशामुळे, यावर अवलंबून आहे. आजारपण, घरातली अडचण, कॉलेजात शिकवायलाच कोणी नव्हतं, क्लास लावायला पैसे नव्हते, असं असेल तर मूल सावरतं. पण अकरावीपासून गणित समजतच नाही, आवडतही नाही, पाठ करून पास झालो, असं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की इंजिनीअरिंग घेऊ नये. पहिल्या वर्षाला एम-वन, एम-टू (गणिताचे दोन पेपर) आणि मेकॅनिक्स येतं, तिथे विषय मागे राहतात, मग एटीकेटी (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं), मग वर्ष जातं. जागा मिळते आहे हे घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

घरच्यांशी बोलताना ‘मला जमत नाही’ एवढंच म्हणू नका. त्याऐवजी काय करणार, कुठे, किती फी, पुढे काय, हे कागदावर लिहून दाखवा. आईबाबांचा आग्रह बहुतेक वेळा भीतीतून येतो, आणि समोर पर्याय दिसला की भीती कमी होते.

डिप्लोमा करून इंजिनीअरिंगला जाणं कमीपणाचं आहे का?

अजिबात नाही. कमी मार्कांच्या मुलासाठी मला हा सगळ्यात भक्कम रस्ता वाटतो.

दहावीनंतरच्या पॉलिटेक्निकला ३५ टक्के पुरतात. बारावी सायन्स किंवा आयटीआय झालेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा हातात. त्यानंतर डिप्लोमाला ४५ टक्के (राखीव ४०) असले की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि त्यासाठी सीईटी लागत नाही; गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या मार्कांवर लागते. हिशेब करा: बारावीनंतर दोन वर्षं डिप्लोमा आणि तीन वर्षं डिग्री, एकूण पाच. सरळ मार्गाला चार. एका वर्षाच्या बदल्यात बारावी आणि सीईटीचे मार्क मागे पडतात आणि नव्या मार्कांवर नवी यादी लागते. डिप्लोमाला ८५ टक्के काढणारी मुलं अशा कॉलेजांत पोचतात जिथे सीईटीवर त्यांचा विचारही झाला नसता.

शिवाय हाताला काम आलेलं असतं. लेथवर बसलेला, वायरिंग केलेला, सर्व्हे केलेला मुलगा डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला वेगळा दिसतो. अडचण एकच, डिग्रीचं गणित तिथेही भेटतं, आणि डिप्लोमाच्या मुलांना दुसऱ्या वर्षाची पहिली सहामाही जड जाते. डिप्लोमा आणि डिग्रीच्या मधल्या सुट्टीत बारावीचं कॅल्क्युलस पुन्हा काढून बसा. शासकीय पॉलिटेक्निकची फी खासगीपेक्षा खूपच कमी असते, म्हणून पर्यायांत ती आधी टाका.

सायन्सनंतर इंजिनीअरिंग सोडून काय?

बी.फार्म.ला भौतिक, रसायन आणि गणित किंवा जीवशास्त्र यांत ४५ टक्के (राखीव ४०) आणि सीईटी लागते. डी.फार्म. दोन वर्षांचं, सीईटीशिवाय, बारावी सायन्स पासवर मिळतं. मात्र कॉलेजला भारतीय फार्मसी परिषदेची मान्यता आहे का हे तपासल्याशिवाय पैसे भरू नका. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी असते. पाच वर्षांच्या लॉला कुठलीही शाखा चालते, बारावीला एकूण ४५ टक्के (ओबीसी ४२, एससी-एसटी ४०) आणि लॉची सीईटी लागते. ज्याला वाचायला-बोलायला आवडतं पण सायन्समध्ये उगाच ढकलला गेला, त्याने लॉचा विचार जरूर करावा.

कॉमर्सला ४८ टक्के आहेत. चांगल्या कॉलेजात बी.कॉम. मिळेल?

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजांत पहिल्या याद्यांत नाही. पण त्याच कॉलेजांत अनुदानित आणि विनाअनुदानित अशा वेगळ्या तुकड्या असतात. विनाअनुदानितचा कट-ऑफ खाली असतो, फी जास्त. पदवी एकच, विद्यापीठ तेच. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी विसरू नका. ती नसेल तर कॉलेज फॉर्मच घेत नाही.

बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना २०२४ पासून राज्याची सीईटी लागू झाली. पहिल्याच वर्षी जागा मोठ्या प्रमाणात रिकाम्या राहिल्या. काही कॉलेजांनी तशाच धर्तीचे अभ्यासक्रम वेगळ्या नावाने बी.कॉम. किंवा बी.एस्सी.खाली सुरू ठेवले आहेत, त्यांना सीईटी लागत नाही. सीईटी चुकली असेल तर कॉलेजात हे विचारा.

सीए फाउंडेशनला नोंदणी करायला बारावी पास पुरते, टक्क्यांची अट नाही. परीक्षा मात्र कठीण आहे. रोज सहा-सात तास बसायची तयारी असेल तरच.

एका विषयात नापास झालो. वर्ष गेलं का?

नाही. पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये होते. तिचा निकाल लागल्यावर जिथे जागा उरलेल्या असतात तिथे पारंपरिक पदवीला त्याच वर्षी प्रवेश मिळू शकतो. दहावीला एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. नापास झाल्याच्या दिवशी कोणी काही बोललं तर मनावर घेऊ नका, पण पुरवणीच्या फॉर्मची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या.

आणि आईवडिलांना एक कळकळीची विनंती: निकालाच्या आठवड्यात मुलाला एकटं सोडू नका. शेजारच्या मुलाचे टक्के त्याच्यासमोर काढू नका. मूल जेवत नसेल, बोलत नसेल, रात्रभर जागं असेल, तर प्रवेशाचं नंतर बघता येईल. शासनाची ‘टेली मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, फोन करायला लाजू नका.

ड्रॉप घ्यावा का?

सीईटी फक्त त्याच वर्षापुरती धरली जाते, बारावीचे मार्क मात्र पुढच्या वर्षीही चालतात. बारावीला पात्रतेपुरते गुण असतील तर ड्रॉपचं सगळं वर्ष सीईटीला देता येतं. पण मी स्वतः ड्रॉपचा सल्ला क्वचितच देतो. अभ्यास खरंच झाला नव्हता आणि आता तो करण्याची परिस्थिती बदलली आहे, असं दोन्ही खरं असेल तरच घ्या. घर तेच, खोली तीच, मोबाइल तोच, क्लास तोच, मग निकाल वेगळा कसा येईल? २५ चे ४५ पर्सेंटाइल होणार असतील तर त्यासाठी वर्ष घालवू नये. त्यापेक्षा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसलेला मुलगा पुढे असतो.

नीटला १५० गुण आहेत. कोणीतरी म्हणतं एमबीबीएस होईल.

सरकारी कॉलेजात होणार नाही. भारतात नीटशिवाय किंवा नीटच्या यादीबाहेरून एमबीबीएसचा प्रवेश नाही, आणि परदेशात एमबीबीएस करून इथे डॉक्टरकी करायची तरी नीट पात्र व्हावंच लागतं. यापलीकडे कोणी काही सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

पुढे नोकरीत बारावीचे मार्क बघतात का?

पहिल्या नोकरीत बघतात. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि डिग्री या तिन्हीला ६० टक्के मागतात. ही अट कडू आहे, पण आधीच माहीत असलेली बरी. डिप्लोमाने गेलेल्यांचे बारावीच्या जागी डिप्लोमाचे टक्के धरले जातात, हाही त्या मार्गाचा एक फायदा. एमपीएससीची राज्यसेवा आणि बँकांच्या भरती परीक्षांना पदवी लागते, बारावीचे टक्के तिथे आड येत नाहीत. दोन-तीन वर्षं कामाचा अनुभव झाला की खासगी क्षेत्रातही बारावीबद्दल फारसं कोणी विचारत नाही.

घरची परिस्थिती नाही, काम करावं लागणार आहे. मग?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यासाठीच १९८९ मध्ये सुरू झालं. जिल्ह्याजिल्ह्यांत अभ्यासकेंद्रं आहेत, मराठीतून शिकता येतं, आणि तिथली पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. पण रोजच्या तासिका नसल्यामुळे पुस्तकं कपाटात पडून राहण्याचा धोका मोठा. दोन-चार मित्रांनी मिळून नोंदणी केली आणि रविवारी एकत्र बसले तर निभतं.

प्रवेश घेतला आणि नंतर दुसरीकडे चांगलं मिळालं तर पैसे आणि मूळ कागदपत्रं परत मिळतात का?

मिळायलाच हवीत. जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत करायची असते. तारीख उलटली की हा हक्क जवळपास संपतो, म्हणून ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइन करा, त्याची प्रत कॉलेजात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगून घरी आलात तर ते धरलं जात नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले पडताळून परत द्यायचे असतात, अडवून ठेवता येत नाहीत. कॉलेज ऐकत नसेल तर प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा, सोबत पावती आणि पोच जोडा.